कोल्हा बोलावण्याचे रील्स पाहताय? आपल्या उसात ट्राय करण्याआधी हे वाचा

व्हिडिओ साधारण असा असतो. पहाटेची वेळ, मोकळा माळ, झुडपाआड दबा धरून बसलेला एक माणूस. तो तोंडाला छोटी शिट्टी लावतो आणि जखमी ससा किंचाळावा तसा आवाज काढतो. दोन-तीन मिनिटांत लांबून कोल्ह्यासारखा एक प्राणी धावत येतो. पुढे गोळीचा आवाज आणि खाली लाखो लाइक्स.

व्हिडिओ अमेरिकेतला असतो, प्राणी असतो कायोटी. पण खाली मराठी कमेंट्सही दिसायला लागल्या आहेत. 'आपल्या उसात पण लय आहेत, एकदा बघूया का?' अशा अर्थाच्या.

मी कसबा बावड्यात राहते. राजाराम साखर कारखाना आमच्या बावड्यातच, पंचगंगेकडेला ऊसच ऊस. संध्याकाळ कलली की शेताकडून कोल्हेकुई ऐकू येते. त्यामुळे 'उसात कोल्हे आहेत' हे खरंच आहे. प्रश्न पुढचा आहे. आवाज काढून कोल्हा खरंच येतो का? तो मारला तर काय होतं? आणि त्यात शेतकऱ्याचा फायदा किती?

एकेक मुद्दा समजून घेऊया.

कायोटी कोण आणि आपला कोल्हा कोण?

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. तो भारतात नाही. त्याच्या जागी आपल्याकडे आहे कोल्हा. दोघंही लांडगा-कुत्र्याच्या कुळातले. दोघंही जोडीने राहतात, आपापली हद्द राखतात, मिळेल ते खातात आणि माणसाच्या वस्तीजवळ सहज जमवून घेतात.

गोंधळ होतो तो नावांचा. आपण सरसकट सगळ्यांनाच 'कोल्हा' म्हणतो, पण प्राणी तीन वेगळे आहेत:

- कोल्हा: वजन साधारण ८ ते ११ किलो, रंग पिवळसर-करडा. कोल्हेकुई करतो तो हाच.
- खोकड: कोल्ह्यापेक्षा बराच लहान, २ ते ४ किलोचा. झुबकेदार लांब शेपटी, टोक काळं. उघड्या माळावर राहतो.
- लांडगा: तिघांत सर्वात मोठा, लांब पायांचा. धनगरांच्या मेंढ्यांमागे असतो तो हा.

बावड्याच्या उसातून रात्री रस्ता ओलांडताना दिसतो तो बहुतेक वेळा पहिला.

आवाजावर प्राणी येतो कसा?

यात जादू नाही, प्राण्याच्या वागण्याचा अभ्यास आहे. कायोटीचे शिकारी मुख्यतः दोन प्रकारचे आवाज वापरतात.

पहिला, भक्ष्याचा. जखमी सशाचा किंवा उंदराचा आवाज म्हणजे भुकेल्या प्राण्यासाठी फुकटचं जेवण. दुसरा, त्याच्या स्वतःच्या जातीचा. अनोळखी कायोटीची हूक ऐकू आली की 'माझ्या हद्दीत कोण शिरलं?' हे बघायला तिथली जोडी येते. पिल्लाच्या रडण्याचा आवाज लावला तर आईबाप येतात.

बाकी सगळं कौशल्य वाऱ्याचं. हा प्राणी थेट समोरून येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घेत येतो. त्यामुळे कुठे बसायचं, किती वेळ गप्प राहायचं, आवाज कधी थांबवायचा हे शिकायला वर्षं जातात. आता तिथे रिमोटवर चालणारे स्पीकरही मिळतात, त्यामुळे शिट्टी वाजवायचे कष्टही उरलेले नाहीत.

आपला कोल्हाही अशा आवाजाला उत्तर देतो. एका टोळीने कुई केली की दुसऱ्या शेतातून लगेच जबाब येतो, हे गावाकडच्या कुणालाही माहीत असतं. त्यामुळे 'आपल्याकडे हे चालेल का?' याचं उत्तर 'हो, बहुतेक चालेल' असंच आहे.

आणि म्हणूनच पुढचा भाग नीट वाचा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये आहे. वाघ, बिबट्या, हत्ती ज्या यादीत आहेत त्याच यादीत. कोल्ह्याच्या शिकारीला आधीही बंदी होतीच, आता तो सर्वात वरच्या संरक्षणात आला आहे.

'पण आम्ही मारणार नाही, फक्त बोलावून पकडू' असं कुणी म्हणेल. कायद्यातली 'शिकार' ही व्याख्या इथे महत्त्वाची आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारा करून हुसकावणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे पकडायच्या इराद्याने स्पीकर लावून बसलात आणि कोल्हा आलाच नाही, तरी तुम्ही सुटलात असं नाही.

शिक्षा किती? अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. शिकारीत वापरलेली बंदूक, सापळा, गाडी सरकारजमा होते ती वेगळीच. आणि रील अपलोड केलं असेल तर पुरावा तुम्हीच दिलेला असतो.

शेतकऱ्याला काहीच सूट नाही का? आहे, पण मर्यादित. अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. तीही आधी पकडण्याचा, बेशुद्ध करून हलवण्याचा पर्याय तपासून. उभ्या पिकाचं नुकसान हे कारण अनुसूची २ मधल्या प्राण्यांसाठी चालतं, अनुसूची १ साठी नाही. अंगावर आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना तो मेला, तर तो गुन्हा होत नाही.

कोल्हापूरला शिकार नवीन आहे का?

अजिबात नाही. कोल्हापूर संस्थान शिकारीसाठी देशभर ओळखलं जायचं. ज्या बावड्यात लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये १८७४ साली राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला, त्याच बावड्याच्या रस्त्यावरच्या न्यू पॅलेस संग्रहालयात आजही पेंढा भरलेले प्राणी आणि शिकारीची हत्यारं बघायला मिळतात. पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरण्याची शिकार इथे प्रसिद्ध होती. भारतातले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले गेले.

आवाजाची विद्याही आपल्याकडे जुनी आहे. फासेपारधी समाजातली जाणती माणसं तित्तर-लाव्याची शीळ अशी घालायची, की पाखरू स्वतःहून फाशाकडे चालत यायचं. इंग्रजांनी या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला, पण जंगलाचं त्यांचं ज्ञान अभ्यासकांनाही थक्क करणारं होतं.

पण या इतिहासाचा शेवट काय झाला तेही बघा. कोल्हापूर संस्थानची दाजीपूरची शिकारीची जागा १९५८ मध्ये अभयारण्य झाली. आज तेच आपलं राधानगरी अभयारण्य. आणि चित्ता? तो भारतातून संपला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं.

मग अमेरिकेत हे कसं चालतं?

कारण तिथला कायदा वेगळा आहे. बऱ्याच राज्यांत कायोटीची शिकार वर्षभर करता येते, किती मारायचे यावरही मर्यादा नसते. सरकारी यंत्रणाही मागे नाही. तिथल्या कृषी खात्याची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस ही शाखा अलीकडच्या वर्षांत दर वर्षी ५० हजारांहून जास्त कायोटी मारते आहे.

आता गंमत बघा. शंभर वर्षांहून जास्त काळ गोळी, विष, सापळे सगळं करूनही कायोटी संपला नाही. उलट पसरला. पूर्वी तो मुख्यतः खंडाच्या मध्य आणि पश्चिम भागात होता. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे, दक्षिणेला पनामापर्यंत पोहोचला आहे.

असं का? हद्द राखणारी जोडी मारली की ती जागा रिकामी होते आणि आजूबाजूचे तरुण कायोटी तिथे शिरतात. संख्या घटल्यावर उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, माद्या लवकर विणीला येतात आणि जास्त पिल्लं जगतात. म्हणजे मारणाऱ्याने वर्षभर मेहनत करायची आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच यायचं.

तिथेही आता विरोध वाढतोय. सर्वात जास्त कायोटी कोण मारतो, यावर बक्षीस लावणाऱ्या स्पर्धा तिथे भरतात. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा स्पर्धांवर बंदी घातली. नंतर व्हर्माँट, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो यांनीही तेच केलं. आपल्या फीडवर शिकार येते, ही बातमी येत नाही.

उसातला कोल्हा: तोटा किती, फायदा किती?

खरं बोलायचं तर कोल्हा अगदी साधा नाही. तो ऊस चावतो, मका आणि भुईमूग खातो, कलिंगडं फोडतो. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा फक्त गोष्टीत. खरा कोल्हा गोड द्राक्षं आवडीने खातो. उघड्या खुराड्यातली कोंबडी नेतो, लहान कोकरूही उचलतो. ज्याचं नुकसान होतं त्याला 'निसर्गाचा समतोल' सांगून उपयोग नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. कोल्ह्याच्या रोजच्या खाण्यात मोठा वाटा उंदीर-घुशींचा असतो. उसाच्या बुडख्याला घूस लागली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. रात्रभर फुकटात उंदीर मारणारा प्राणी आपण मारतो आणि मग उंदरांसाठी औषध विकत आणतो. शिवाय मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण साफ करण्याचं कामही तोच करतो.

ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो, त्यामुळे कोल्ह्यासाठी ते जंगलच झालं आहे. गळीत हंगाम सुरू झाला, तोड आली की एका दिवसात त्याचा आडोसा जातो. तेव्हा तो रस्त्यावर, वस्तीत, गोठ्याजवळ दिसायला लागतो. 'कोल्हे वाढले' असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ते वाढलेले नसतात, उघडे पडलेले असतात.

आणखी एक धोका आहे रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासांचा आणि गावठी बॉम्बचा. त्याला कोण तोंड लावेल हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. कोल्हा, शेतातलं कुत्रं, चरायला सोडलेली म्हैस, किंवा खेळणारं पोरगं.

आणि ते 'कोल्ह्याचं शिंग'?

रील्सच्या याच गर्दीत एक धंदाही चालतो. 'सियारसिंगी' नावाने केसाळ गोळा विकायला ठेवतात. घरात ठेवला की पैसा येतो, कोर्टातली केस जिंकते वगैरे. सरळ सांगते: कोल्ह्याला शिंग नसतं. विकलं जातं ते बहुतेकदा कातडं आणि हाड जोडून बनवलेलं असतं. नकली असेल तर तुमची फसवणूक झाली. खऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचं असेल तर ते बाळगणं हाच गुन्हा. दोन्हीकडून नुकसान घेणाऱ्याचंच.

मग कोल्हा त्रास देत असेल तर करायचं काय?

- कोंबड्या रात्री बंद खुराड्यात ठेवा. जाळी जमिनीखाली थोडी पुरा, कारण कोल्हा उकरून आत शिरतो.
- मेलेल्या कोंबड्या, चिकनच्या दुकानातला कचरा ओढ्याकाठी किंवा बांधावर टाकू नका. कोल्ह्याला सर्वात सोपं आमंत्रण तेच असतं.
- ऊसतोड करताना एका बाजूने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे प्राण्याला निघून जाता येतं. चारी बाजूंनी पाचट पेटवू नका.
- पिल्लं सापडली तर उचलू नका, सेल्फी काढू नका. आई बहुतेक वेळा जवळच असते.
- दिवसाढवळ्या न घाबरता अंगावर येणारा, झोकांड्या खाणारा कोल्हा दिसला तर लांब राहा. तो रेबीजचा असू शकतो. २०२४ मध्ये मुंबईत कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता.
- चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावत बसू नका.
- वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. माणूस जखमी झाला किंवा जनावर दगावलं तर सरकारी भरपाईच्या यादीत कोल्ह्याचा समावेश आहे. मात्र लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नका.

शेवटी, ते कौशल्य वाया जाणार का?

नाही. युरोपात अभ्यासक रात्री ठरावीक ठिकाणी कोल्हेकुईचं रेकॉर्डिंग वाजवतात आणि किती टोळ्या कुठून उत्तर देतात ते मोजतात. त्यावरून कोल्हे किती आहेत याचा अंदाज बांधतात. शिकारी करतो तेच, फक्त शेवटी गोळी नसते, वहीत नोंद असते. आपल्याकडे हे स्वतःच्या मनाने करू नका. सतत आवाज लावल्याने प्राणी हैराण होतात आणि अभयारण्यात प्राण्यांना छेडायला बंदीच आहे. पण वनविभाग किंवा अभ्यासकांसोबत अशा कामात सहभागी होता येतं.

आणि एवढंही नको असेल तर स्पीकरशिवायचं काम आहेच. बांधावर बसा, ऐका. किती वाजता कुई झाली, कुठून झाली, कुठून जबाब आला ते लिहून ठेवा. ओल्या पाऊलवाटेवरचे ठसे ओळखायला शिका. जुनी माणसं 'भालू ओरडतेय' म्हणत आवाजावरून अंदाज बांधायची, त्यांना विचारा. महिन्याभरात तुम्हाला तुमच्या शेतातली जोडी ओळखता येईल.

कोल्हा बोलावणं अवघड नाही, तो रोज संध्याकाळी स्वतःच बोलतो. त्याच्याकडे रायफल घेऊन जायचं की वही, एवढंच आपण ठरवायचं आहे. पहिल्यात तीन वर्षं जातात.