नवमीची ओहोटी

आषाढ शुद्ध चतुर्दशी जवळ येऊ लागली की आपल्याकडे घरोघरी नियमांची बोलणी सुरू होतात. कोणी चार महिने पालेभाजी सोडतो, कोणी गोड सोडतो, कोणी गावाची वेस न ओलांडण्याचे ठरवतो. साधू-साध्वी एका जागी स्थिरावतात, तेव्हा श्रावकानेही आपली धावपळ थोडी आवरावी, एवढाच त्यामागचा भाव. आमच्या घरी प्रवास न करण्याचा नियम बरीच वर्षे चालत आला आहे. त्यामुळे चतुर्दशीआधीचा आठवडा हा राहिलेल्या कामांचा असतो. बँक, दवाखाना, लेकीकडे एक फेरी. यंदा त्या यादीत यांनी एक शब्द वाढवला : समुद्र.

"या पावसात?" मी विचारले.

"पावसातच. गर्दी नसेल."

गर्दी का नको, हे मला ठाऊक होते. पनवेलला यांचे छायाचित्रांचे दुकान होते. पस्तीस वर्षे यांनी गावातल्या माणसांचे चेहरे टिपले. पारपत्रासाठी, शाळेच्या दाखल्यासाठी, साखरपुड्यासाठी, आणि कधी भिंतीवर हार घालून लावण्यासाठीही. दोन वर्षांपूर्वी यांना ओळी वाकड्या दिसू लागल्या. दाराची चौकट मध्येच लाटेसारखी हलते, असे म्हणू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, मॅक्युलर डीजनरेशन, कोरड्या प्रकारचे. डोळ्याच्या पडद्याचा मधला बिंदू वयाबरोबर झिजतो. कडा शाबूत राहतात, मधले पुसत जाते. हा आजार सावकाश वाढतो, आणि गेलेली नजर परत येत नाही.

मधले जाते म्हणजे नेमके काय, हे घरात राहिल्याशिवाय कळत नाही. वर्तमानपत्र जाते, सुईचे नेढे जाते, आणि चेहरे जातात. समोरच्याचे कान दिसतात, खांद्यावरचा पदर दिसतो, चालण्याची लकब दिसते. नाक-डोळे मात्र धुक्यात. म्हणून हे बोलताना मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेने पाहतात. नव्या माणसाला वाटते, गृहस्थ शिष्ट आहेत, आपल्याकडे बघतही नाहीत. ज्याने आयुष्यभर इतरांना 'इकडे बघा' म्हटले, त्याच्याविषयी असे बोलले जाते, तेव्हा मला फार लागते. यांना लागते की नाही, ते हे सांगत नाहीत. (घरात कोणी साठीपुढचे असेल तर डॉक्टरांकडून चौकटींचा तो छापील कागद मागून घ्या. एकेक डोळा झाकून त्याकडे पाहायचे. सरळ रेघ वाकडी दिसली तर महिना-पंधरवडा वाट पाहू नका.)

नवमीला सकाळी साडेसातची एस.टी. मिळाली. महिला म्हणून माझे अर्धे, पासष्टी उलटली म्हणून यांचे अर्धे. दोघांचे मिळून एक पूर्ण तिकीट झाले. वाहकालाही त्याची गंमत वाटली. हे खिडकीशी बसले आणि म्हणाले, "आता तू सांगायचंस. पण नुसतं 'छान आहे' म्हणू नकोस."

'छान' हा शब्द काढून घेतला की बोलणे किती कठीण होते, हे पेण येईपर्यंत मला उमगले होते. पेण मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीन खाली बसते. हा खारेपाट. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर भात पिकवायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. मी म्हटले, "शेतं हिरवी आहेत." यांनी विचारले, "किती हिरवी?" मग नीट पाहिले. रोपवाटिकेचा तुकडा पोपटी, दाट. ज्या खाचरात काल-परवा लावणी झाली, तिथे रोपे पिवळसर आणि माना टाकलेली. मुळे धरायला त्यांना काही दिवस लागतात. जिथे आठवडा उलटला, तिथे हिरवे पुन्हा गडद होत आलेले. चार बायका ओणव्या होत्या, पाठीवर प्लास्टिकचे निळे कागद. बांबू-पानांची इरली आता क्वचितच दिसतात. एकीच्या डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात चिखलात जातो आणि वर येतो, जातो आणि वर येतो.

"मागे बगळे आहेत ना?" यांनी विचारले. होते, माझे लक्ष गेले नव्हते. हालचाल यांना कडेने आधी जाणवते. त्या दिवशी पाखरे, माणसांची ये-जा आणि आमच्या बसला ओलांडून जाणाऱ्या दुचाक्या यांना माझ्याआधी कळल्या.

धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडकडे जाताना मी चरी गावाचा उल्लेख केला. या भागातील शेतकऱ्यांनी खोतांच्या जाचाविरुद्ध १९३३ मध्ये संप पुकारला. पुढारी होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावे त्यात उतरली, आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, खोतांची शेते त्यांनी कसली नाहीत. लाकडे विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. संप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोषणा आणि मोर्चे येतात. इथे संप म्हणजे आषाढात पाऊस पडत असताना, हात शिवशिवत असताना, लावणी न करणे. सहा आषाढ. खिडकीबाहेरची ती पोपटी रोपे पाहताना त्याची किंमत मला पुस्तकापेक्षा अधिक समजली.

कार्लेखिंडीत पावसाने गाठले, आणि अलिबागला उतरलो तेव्हा तो थांबलाही होता.

पावसाळ्यातले अलिबाग हे आपल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना माहीत नसलेले गाव आहे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची या दिवसांत बंद असतात. किनाऱ्यावरचे पाण्याचे खेळ बंद, टपऱ्यांवर ताडपत्री. मग उरते ते गावाचे स्वतःचे जगणे. न्यायालयाबाहेर छत्र्या मिटून उभी असलेली पक्षकार मंडळी. शाळेतून सुटलेली, दप्तर रेनकोटाच्या आत घेतल्यामुळे कुबड आल्यासारखी दिसणारी मुले. एका ओट्यावर आजीबाई शेवटच्या पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या सांभाळत बसलेल्या. अलिबागचा हा कांदा प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात कांदा येत नाही, पण पातीची ती घट्ट वेणी कोणाही सुगरणीने थांबून पाहावी अशी असते. यांनी ती हातात घेतली, बोटांनी पेड मोजले आणि परत दिली. आजीबाईंनी विचारले, "घ्यायची नाय तर मोजताय कशाला?" त्यावर आम्ही दोघेही हसलो.

समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळेचे आवार लागते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला सुरू करण्यात आले. बांधकामात लोखंड वापरलेले नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बारीकसारीक बदल पूर्वी अंधाऱ्या खोलीत, छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशाच्या रेषेने उमटवून घेत असत. हे ऐकून यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्यातलेच की ते. रोज एक कागद धुवायचा." रोज, खंड न पाडता, शंभर वर्षांहून अधिक काळ. आवारात न जाताही कुंपणापाशी हे बराच वेळ उभे राहिले.

आता ओहोटीचे सांगते. किनारपट्टीवर एक जुना हिशेब आहे आणि तो आपल्या पंचांग पाहणाऱ्या घरांना सहज जमेल. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जी येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीचे आठ, त्याची पाऊणपट सहा. भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. नवमीला पावणेसात. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी एकच्या आसपास. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, ती चंद्रामुळे. आणि तिथीही चंद्राचीच, म्हणून हे गणित जुळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप दूरही जाते. अष्टमी-नवमीला भांग, चढ कमी, उतारही कमी. ज्या चतुर्दशीला आपण वेस बंद करतो, तिच्या आगेमागे समुद्र सगळ्यांत जास्त हलत असतो.

समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याच्या उभारणीचे काम सुरू करवले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे झाले. आत गोड्या पाण्याचा साठा आहे, आंग्र्यांनी बांधलेले गणेश पंचायतन आहे. एरवी ओहोटीला माणसे चालत जातात. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा गेलो होतो. यांनी तटावरून काढलेले माझे छायाचित्र अजून घरी आहे.

बारा-साडेबाराची वेळ. पाणी मागे गेलेले दिसत होते. "पाण्याचा आवाज लांब गेलाय," हे म्हणाले, "चल, जाऊ या." मी बघत होते. वाटेवर मध्ये पाण्याचा पट्टा होता आणि त्यावर पावसाळी लाटा आडव्या फुटत होत्या. शेवाळलेले खडक होते. आणि नवमी होती. याहून पाणी उतरणार नव्हते. मी म्हटले, "भांग आहे. नाही जायचं."

"तुला माझी भीती वाटते."

"हो, वाटते."

हे गप्प झाले. इतक्यात आठ-दहा तरुण मुले हातात मोबाइल धरून त्या वाटेला निघाली आणि जीवरक्षकाने शिट्टी फुंकून त्यांना परत बोलावले. मुले हुज्जत घालू लागली, चार पावलांचे तर अंतर आहे म्हणू लागली. इथला समुद्र समोरून येण्यापेक्षा मागून येतो, हे त्या माणसाने त्यांना पुन्हापुन्हा सांगितले. आपण पुढे बघत असतो आणि मागची वाट बुजते. किल्ल्याची वाट पावसाळ्यात बंद ठेवण्याला जे 'उगाच बाऊ' म्हणतात, त्यांच्याशी माझे कधीच पटणार नाही. पंचांगातला हिशेब घरी बसून करण्यासाठी ठीक. पाण्यात पाय टाकायचा की नाही, ते स्थानिक माणसाने ठरवावे.

मुले गेल्यावर यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. "वाळू सपाट आहे ना?" सपाट होती. पुढे दगड नव्हता, खड्डा नव्हता, माणूस नव्हता. "मग मी एकटा जातो. ओल लागेपर्यंत."

दोन वर्षांत हे एकटे जिन्याच्या खाली उतरलेले नाहीत. मी छत्री घेऊन उभी राहिले. हे चालू लागले. प्रथम पाय चाचपत, मग नेहमीच्या त्या लांब टांगा टाकत. पन्नास-साठ पावले गेले. पायाला ओली, रेघोट्यांची वाळू लागली असावी, कारण तिथे बरोबर थांबले, पाण्यापासून बरेच अलीकडे. मान डावीकडे वळवून, कडेने, बराच वेळ किल्ल्याकडे पाहत राहिले. मला त्यांची पाठ आणि वाऱ्याने फुगलेला सदरा एवढेच दिसत होते. पिशवीत मोबाइल होता. मी तो बाहेर काढला नाही.

परत आल्यावर म्हणाले, "तट दिसतो. मधला दरवाजा नाही दिसत." आणि जरा वेळाने, "तू होतीस ना इथेच? छत्रीचा आवाज येत होता."

अलिबागहून रिक्षाने आक्षीला गेलो. वाटेत साखरच्या खाडीत होड्या ओढून ठेवल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. ओसरीत बसून काही कोळी जाळ्यांची डागडुजी करीत होते. वर्षातले हे दोन महिने तरी त्या जिवांना मोकळीक मिळते, हे पाहून मनाला बरे वाटले. तिथल्या माणसांच्या हातावर पोट आहे, हेही दिसत होते.

आक्षीला मुख्य काम होते ते शिलालेखाचे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला हा लेख. मराठीतील पहिल्या वाक्याचा मान आपण लहानपणापासून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या चरणांशी कोरलेल्या ओळीला देत आलो. आज अनेक अभ्यासक कालनिर्देश असलेला सर्वांत जुना मराठी लेख म्हणून आक्षीचे नाव घेतात. वाद विद्वानांनी घालावा. बाहुबलींच्या पायाशी आणि या खाऱ्या वाऱ्यात, दोन्ही ठिकाणी आपली भाषा दगडावर उतरली, याचाच मला आनंद अधिक. अनेक वर्षे हा दगड रस्त्याकडेला दुर्लक्षित होता. आता त्याची कदर होऊ लागली आहे. अक्षरे इतकी झिजली आहेत की धड नजरेच्या मलाही एक शब्द लागेना. यांनी जवळ जाऊन मान वळवली, वरच्या बाजूला कोरलेले चंद्र-सूर्य कडेने शोधले. "हे दिसतात," म्हणाले. "अक्षरं तुला दिसतात?"

"नाही."

"मग आपण सारखेच."

परतीच्या एस.टी.ला वडखळच्या अलीकडे वाहनांच्या रांगेने धरले. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. ढगांत तो दिसत नाही, म्हणून घड्याळावर विसंबावे लागते. साडेसहालाच डबा उघडला. दशम्या, कच्च्या केळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शेजारी महाविद्यालयातला एक मुलगा बसला होता, त्यालाही दिले. संकोचत घेतले, मग आणखी एक घेतली. त्याने यांना विचारले, "आजोबा, किल्ल्यावर जाऊन आलात का?"

"नाही," हे म्हणाले. "आज नवमी ना."

मुलाला काही उलगडेना. मग यांनी त्याला तिथीची पाऊणपट शिकवली. भांग म्हणजे काय, उधाण कधी, सगळे अगदी दर्यावर्दी असल्यासारखे. त्याने मोबाइलवर उद्याच्या भरतीची वेळ काढली आणि दशमीचा हिशेब मनात करून ताडून पाहिला. वीस मिनिटांचा फरक निघाला.

"चालेल," हे म्हणाले आणि ताकाची बाटली मागितली.