टण्ण की थप्प?

तुमचा वीकएण्ड कशात जातो? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर लोणावळा? माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याचा गेली तीन वर्षं विमानात जातोय. विमान अजून जमिनीवरच आहे म्हणा. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या गॅरेजमध्ये, तुकड्यातुकड्यांत! कोझी मार्क फोर, चार सीटचं.

किट-बिट नाही हं. प्लॅन, फोमचे ठोकळे, काचेचं कापड आणि इपॉक्सी, बस्स. बिनसाच्याची ही पद्धत बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझीमुळे सत्तरच्या दशकात घरोघरच्या विमानवेड्यांपर्यंत पोचली. पंखाचा फोम तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापायचा. (युरेथेन फोमला मात्र ही तार लावायची नाही. विषारी वायू निघतो.) मग त्यावर कापड आणि राळ.

खरी मेख राळेत आहे. आपल्याला वाटतं, डिंक जास्त म्हणजे काम पक्कं. इथे उलटं. जास्त राळ म्हणजे नुसतं वजन. कमी पडली तर कापडात हवा राहते, पांढरे डाग दिसतात. शिवाय कपात जास्त वेळ ठेवली तर ती स्वतःच तापून घट्ट होते. हातमोजे न घालता वर्षानुवर्षं काम केलं तर अशी ॲलर्जी होते की काहींना छंदच सोडावा लागतो.

जिजू सॉफ्टवेअरवाले, त्यांना हे शिकवलं कोणी? तिथे ईएए नावाची संघटना आहे, १९५३मध्ये मिलवॉकीत सुरू झालेली. गावोगावी तिच्या शाखा. त्यातले अनुभवी लोक तुमच्या गॅरेजमध्ये येऊन काम तपासतात, तेही फुकट! (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७मध्ये त्याची नोंदणीही झाली. त्यांच्या मदतीला असं गाव असतं तर?)

मी तिथे होते त्या शनिवारी असेच एक रिटायर्ड आजोबा आले. पुढच्या छोट्या पंखावर, म्हणजे कनार्डवर, नाण्याने टकटक करत निघाले. टण्ण, टण्ण... थप्प. पुन्हा थप्प. थप्प म्हणजे आत पोकळी. एखादी असती तर दुरुस्त झाली असती. पण इथे तळहाताएवढ्या पाच निघाल्या.

"मागच्या सीटवर मुली बसणार ना?" आजोबांनी एवढंच विचारलं.

जिजू काही बोलले नाहीत. ताई आत निघून गेली. दोन महिन्यांचं काम होतं ते, आणि डॉलर्स वेगळे. संध्याकाळी जिजूंनी स्वतःच करवत घेतली.

पुढच्या शनिवारी क्लबातले तिघे न बोलावता हजर! एक कापड धरतोय, एक स्क्वीजीने राळ ओढतोय, आजोबा टॉर्च तिरका धरून डाग शोधतायत. माझ्याकडे वजनकाटा. राळ आणि हार्डनर ग्रॅमवर मोजून दे, घाई करू नको, अशी तंबी. ताईने सगळ्यांना पोहे दिले. आजोबांनी दोनदा घेतले.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "ऐक." आणि फोन पंखाजवळ धरला.

टण्ण.