जंगल गावाचं झालं, आणि बाईचं?



सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या एका बैठकीत मी मेंढ्याची गोष्ट सांगत होते. बायका ऐकत होत्या, पण हात थांबले नव्हते. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, सूत गुंडाळायचं. हजाराचा हिशेब पुरा व्हायला हवा आणि छाट जास्त निघाली तर मजुरी कापली जाणार. बैठकीसाठी कोण हात थांबवणार? मध्येच एका मावशींनी सुपातलं पान उचललं आणि म्हणाल्या, "ताई, हे पान तसल्याच जंगलातनं येतंय की. मग ते तोडणाऱ्या बाईचं त्या जंगलात काय असतंय?"

मी उत्तर दिलं, पण ते अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे संपादकीय.

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं गाव. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. शेजारच्या लेखा गावामुळे ते मेंढा (लेखा) म्हणून ओळखलं जातं. भोवती बांबूचं, मोहाचं, तेंदूचं दाट जंगल. पिढ्यानपिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्यांना मालक मात्र वनखातं आणि बांबू कागद कारखान्याला, असा कारभार होता. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध 'मानव बचाव, जंगल बचाव' आंदोलन झालं. त्या घुसळणीतून हे गाव स्वतःचा विचार करू लागलं. देवाजी तोफा हे गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सोबती. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथूनच सगळीकडे पोचली. (मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. वडिलांच्या नावाआधी आईचं नाव त्यांनी कितीतरी वर्षं लावलं. सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं व्हायला आपल्याकडे २०२४ साल उजाडावं लागलं.)

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, तो देणार कोण, यावर घोडं अडलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मेंढ्याची ओळख करून देणारे बहुतेक लेख इथे संपतात. आपल्याला इथून पुढे जायचं आहे.

हा हक्क दिला कोणाला, ते नीट पाहा. कुटुंबप्रमुखाला नाही, ग्रामसभेला. आणि ग्रामसभा म्हणजे गावातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती. म्हणजे त्या जंगलावर बाईचा हक्क आहे तो कोणाची बायको म्हणून नाही, कोणाची सून म्हणून नाही, तर गावातली एक माणूस म्हणून. नवरा मेला, त्यानं टाकलं किंवा लग्नच केलं नाही, तरी तो हक्क हलत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्याशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट निर्णयाची. मेंढ्यात मतदानानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचंही 'नाही' असेल तर चर्चा पुढे चालू. अभ्यासगटात विषय आधी घोळवला जातो, मग तो सभेत येतो. गावात दारू नको हा आग्रह बायकांनी धरला आणि तो गावाचा निर्णय झाला. गावाच्या संस्थेत घरटी एक पुरुष आणि एक बाई, अशी रीतही त्यांनी घातली.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाचं सांगते. नाव नको. कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. त्या गावात शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरला, सह्या आणि अंगठे गोळा झाले, महिला ग्रामसभा 'पार पडली'. मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाली, "शिपायानं सही माग्तली, दिली." २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, तरी ही तऱ्हा. जागा मिळाली म्हणजे आवाज मिळतोच असं नाही, हे आपण कार्यकर्त्या पुरेपूर जाणतो.

पण सर्वसहमतीकडेही मी हात जोडून बघत नाही. गप्प बसलेल्या बाईचा होकार धरायचा, ही पुरुषांची जुनी सवय. सहमती खरी ठरते ती बाईला 'नाही' म्हणून घरी परत जाता येतं तेव्हा. घरी गेल्यावर त्या 'नाही'ची किंमत तिला मोजावी लागत असेल, तर सभेतल्या एकमताचा उपयोग काय?

आणि शेतजमीन? २०१३ मध्ये मेंढ्यानं १९६४ च्या कायद्याखाली ग्रामदानाचा निर्णय घेतला, जमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा. त्याच्या अंमलासाठी गावाला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. जमीन गावाबाहेर जाणार नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. पण ग्रामदानातही कसण्याचा हक्क घराकडे राहतो आणि वारसानं पुढे जातो. वारस कोण, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

इथे आदिवासी बाई आपल्याहूनही मागे ठेवली गेली आहे. मुलींना समान वाटा देणारी २००५ ची दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात झाली, आणि तो कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिच्या वाट्याला रूढी. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. खालची न्यायालयं म्हणत होती, बाईला वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयानं प्रश्नच उलटा केला: वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर बाईला आणि तिच्या वारसांना समान वाटा. निकाल चांगला आहे. पण त्यासाठी प्रत्येक गोंड बाईनं दिल्लीपर्यंत जायचं का? हे मेंढ्यासारख्या गावाच्या सभेतच ठरायला हवं. दारूबंदीचं ठरलं, तसंच हेही ठरू शकतं.

वैयक्तिक वनहक्काचा पट्टाही कायद्यानुसार नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि एकल बाईला तिच्या एकटीच्या नावे मिळायला हवा. विदर्भ, मेळघाट, नाशिक, ठाणे, नंदुरबार इथल्या आपल्या गटांना विनंती: आपापल्या गावातले पट्टे हातात घेऊन बघा. दुसरं नाव आहे का? आणि ज्या बाईचं नाव आहे, तिला ते माहीत आहे का? जे दिसेल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

मावशींना मी त्या दिवशी सांगितलं की गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. सत्तर पानांचा एक पुडा, ऐन उन्हाळ्यात पहाटेपासून तोडणी, आणि भाव ठरवणारी सभा गावाचीच. त्यांनी विचारलं, "पैशे कुणाच्या हातात देतात, बाईच्या का गड्याच्या?"

ते विचारून घेते, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान कात्रीखाली घेतलं.