शेवटची गाडी किती वाजता?

गाव किती लांब, असे विचारले की आपण शहरातली माणसे किलोमीटर सांगतो. रस्त्याकडेचे दगडही तेच सांगतात. मुळशीकडच्या माणसाला मात्र हाच प्रश्न विचारून पाहा. तो आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघेल आणि मग म्हणेल, "आत्ता निघालात तर जवळच आहे." पुण्याहून पौड तीसएक किलोमीटर. हे अंतर सकाळी दहाला जेवढे तेवढेच रात्री नऊला, असे भूगोलाचे पुस्तक म्हणते. पण भूगोलाच्या पुस्तकाची शेवटची गाडी कधी चुकलेली नसते!

दिवाळीच्या अंकात, करंज्या-चकल्यांच्या शेजारी हा रुक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीला घरी जायचे तर आधी गाडी मिळायला हवी. २०२१ सालची दिवाळी आठवा. सणाच्या तोंडावरच एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबत लांबत २०२२च्या एप्रिलपर्यंत गेला. त्या माणसांच्या मागण्या पोटाच्या होत्या. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या महिन्यांत खेड्यापाड्यांना एक गोष्ट नीट कळली, की शहराशी असलेले आपले सगळे नाते एका लाल गाडीच्या भरवशावर उभे आहे.

या गाडीची सुरुवात आपल्या पुण्यातूनच झाली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. पुढे 'गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी' हे ब्रीद झाले. एसटीच्या साऱ्या कारभारात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी शहरातून निघायचे, आडगावी मुक्काम करायचा आणि पहाटे त्याच गावातून पुन्हा शहराकडे यायचे. ड्रायव्हर-कंडक्टरांनी गाडीतच किंवा देवळाच्या ओवरीत पथारी पसरायची. गावातल्या कोणाच्या तरी घरून भाकरी यायची. पहाटे त्या गाडीच्या आवाजानेच गाव जागे व्हायचे.

आता हिशेबनीस मंडळी म्हणतात की, रात्रीच्या फेरीला माणसे नसतात, डिझेल जळते, फेरी तोट्यात जाते. त्यांचा आकडा खोटा नसतो. पण विहिरीत रिकामी बादली सोडताना त्यात तोटा झाला असे कोणी मांडत नाही. बादली रिकामी खाली जाते म्हणूनच भरून वर येते. रात्री गाडी गावात गेली नाही, तर सकाळी ती गावातून भरून येणार कुठून? आणि परतीची खात्री नसेल, तर सकाळच्या गाडीत तरी माणूस कोणत्या धीराने पाय ठेवील?

दुसरी अडचण भाऊबंदकीची आहे. पुण्याची पी.एम.टी. आणि पिंपरी-चिंचवडची पी.सी.एम.टी. यांची २००७ साली एक चूल झाली आणि पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे आपली पीएमपी, जन्माला आली. तिच्या तोट्याचा मोठा वाटा दोन महापालिका उचलतात. एसटी राज्याची. शहर पीएमपीचे आणि खेडे एसटीचे, अशी जुनी वाटणी. पण भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे आता धड खेडी राहिली नाहीत आणि धड शहर झाली नाहीत. दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावरचे हे झाड. आंबे लागले तर दोघांचे. पाणी घालायचे तर कोणाचेच नाही!

संपाच्या दिवसांत पीएमपी पुढे सरसावली, हद्दीबाहेरच्या गावांपर्यंत गेली. लोकांनी दुवा दिला. मग संप मिटला, एसटी परत आली, आणि २०२२च्या नोव्हेंबरात पीएमपीने ग्रामीण भागातले अनेक मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कागदावर ते बरोबर असेल. पण फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडीचा रंग बघायचा नसतो. त्याला गाडी बघायची असते.

गाडी रद्द झाली म्हणजे सर्वांचे सारखेच नुकसान होते, असा आपला समज असतो. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला तसे दिसत नाही. फेरी बंद झाली की मुलगा मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसतो, नाही तर सहा आसनी रिक्षात अर्धे अंग बाहेर टाकून येतो. उशीर होतो, पण येतो. मुलगी येत नाही. पहिले काही दिवस वडील फाट्यापर्यंत सोडायला येतात. मग लावणी येते, कापणी येते, वडिलांना सवड राहत नाही. आणि एके दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी पडू लागते. तिने शिक्षण सोडले असे कोणी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. १७ मार्च २०२३पासून सर्वच स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट झाले आहे. या दोन्ही गोष्टी उत्तम झाल्या. पण गाडीच आली नाही, तर मोफत पास हा नुसता कागद, आणि अर्धे तिकीट कशाचे काढायचे?

आणि हे मुळशीत व्हावे, याचे मला अधिक वाटते. या तालुक्याने इतरांना थोडे दिले आहे काय? १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी इथेच सत्याग्रह चालवला. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली. तेव्हापासून मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज मुंबईला मिळते. हिंजवडीची संगणकनगरी याच तालुक्यातली. शहरही आता दाराशी आले आहे. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो वनाजपर्यंत पोहोचली. १२ ऑगस्ट २०२३ रोजी चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाला. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहायला जाणाऱ्या मोटारींना केवढी सोय झाली! पण त्या पुलाखाली संध्याकाळी पिशव्या घेऊन उभी असलेली माणसे अजून रस्त्याच्या टोकाकडेच डोळे लावून असतात.

मागणे मोठे नाही. दिवसभराच्या फेऱ्यांचा नफा-तोटा खुशाल मांडा. पण प्रत्येक मार्गावरची पहिली आणि शेवटची गाडी त्या हिशेबातून वगळा. गावाला नळाचे पाणी देताना नफा बघत नाहीत, तशीच ही गाडी समजा. एसटी आणि पीएमपी यांनी समोरासमोर बसून प्रत्येक गावासाठी दोघींचे मिळून एकच वेळापत्रक करावे आणि ते फाट्यावर मोठ्या अक्षरांत लावावे. गाडी रद्द करायचीच असेल, तर ते उजेड असताना सांगावे. आणि शहरातल्या कॉलेजांनी, कारखान्यांनी शेवटचा तास, शेवटची पाळी ठरवण्यापूर्वी ते वेळापत्रक एकदा वाचावे.

एवढे झाले तर पौडच्या पलीकडच्या वाडीवरची मुलगी शेवटचा तास संपेपर्यंत वहीत मान घालून बसेल. घड्याळाकडे बघणार नाही. पुणे आणि मुळशी खरोखर जवळ आले की नाही, हे मी तरी त्यावरून ठरवीन.