शेती रक्तात असावी लागते काय?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण माळव्यातील आपल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली, आणि तीच घरे नोकरीवर जगली. वडिलोपार्जित जमीन असलीच तर ती बटाईने दिलेली. वर्षाचा गहू घरी आला की शेतीशी संबंध संपला. अशा घरातील एखाद्या निवृत्ताच्या वाट्याला दोन-तीन एकर अकस्मात येतात, बटाईदार काम सोडतो, आणि हे गृहस्थ जमीन विकण्याऐवजी स्वतः कसू लागतात. तेव्हा आप्तेष्टांचा निकाल ठरलेला असतो : ‘शेती रक्तात असावी लागते, विकून मोकळे व्हा.’ या निकालाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

शेतकऱ्याचा मुलगाही शेतीचे ज्ञान जन्मतः घेऊन येत नाही. बांधावर उभा राहून, चुकतमाकत, वडिलांची बोलणी खात तो ते मिळवतो. याचा दाखला इंदुरातच आहे. १९२४ साली येथे आलेले अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडमधील शेतकऱ्याचे पुत्र आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. तरीही ते रक्ताच्या वा पदवीच्या भरवशावर राहिले नाहीत. भारतातील शेतकरी आणि पिकांवरील किडी यांना आपण गुरू मानले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ याच वृत्तीतून सिद्ध झाली. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावेत, इतका बारकावा तीत आहे. १९३१ साली या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉवर्ड यांचे सहलेखक होते यशवंत वाड. आपल्यातील किती घरांना हे नाव ठाऊक आहे?

मात्र ‘करून तर पाहू’ म्हणत सगळे रान पणाला लावण्याचे कौतुक आम्ही करणार नाही. प्रयोग लहान असावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. सोयाबीनचेच पाहा. त्याच्या बियांचे साल नाजूक; आदळआपट झाली की उगवण घटते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि काही दिवसांनी मोड मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. या परीक्षेला जवळजवळ काहीच खर्च नाही. ती टाळली तर हंगाम हातचा जातो.

खरा प्रश्न चुकीची किंमत कोण मोजतो, हा आहे. निवृत्तिवेतन असणाऱ्याचा एक वाफा फसला तर चारचौघांत हसे होते. कर्ज काढून पेरणाऱ्या शेजाऱ्याचे तेच पीक फसले, तर घरातले वर्ष बुडते. म्हणूनच नव्या वाणाची, नव्या खताची पहिली जोखीम ज्याला परवडते त्याने घ्यावी, आणि यशाइतकेच अपयशही नोंदवून गावापुढे ठेवावे. रोजकीर्द लिहिण्याची सवय आपल्या घरांना जुनीच आहे; ती शेताच्या कामी का येऊ नये?

जमीन विकायची तर केव्हाही विकता येते. विकलेली परत मिळत नाही. तेव्हा विक्रीचा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की त्यांनी आधी तीन हंगामांची वही मागावी आणि मग बोलावे.