काटा सांगत नाही, ते टेप सांगते

केंद्र सरकारचे ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या काळात देशभर झाले. बायकांचे बीपी, शुगर, हिमोग्लोबिन तपासण्यावर भर होता. चांगलंच झालं. पण आमच्या मावळातल्या शिबिरांचा माझा अनुभव असा, की बाईला वजनकाट्यावर उभं करतात, कंबर कुणी मोजत नाही. “बावन्न किलो! मला काय धाड भरलीय?” म्हणत बाई खुशीत घरी जाते.

मैत्रिणींनो, खरी मेख कंबरेत आहे. वाढलेला पोटाचा घेर, १३०/८५ किंवा त्यावरचे बीपी, उपाशीपोटी साखर शंभर किंवा जास्त, रक्तातली वाढलेली चरबी आणि कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की डॉक्टर त्याला मेटॅबोलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार दाराशी आल्याची ती खूण. त्यात आपल्याकडच्या पुरुषाला कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर, बाईला ८०. म्हणजे जेमतेम साडेएकतीस इंच!

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे संप्रेरक चरबी मांड्यांवर, नितंबांवर साठवतं. तिथली चरबी फारशी त्रास देत नाही. पाळी जायला लागली की इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती जमू लागते. मग शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. वजन तेवढंच, पण परकराची नाडी अपुरी पडते! आपण म्हणतो, “वय झालं, सुटायचंच.” पुरुषी संप्रेरकाचा न्याय तर उलटाच. पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी झालं की हा धोका वाढतो, बाईत जास्त झालं की. म्हणून पीसीओडी असलेल्या कॉलेजच्या मुलींचीही साखर तपासायला हवी.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं. “बीजकोश ठेवणार ना?” एवढा प्रश्न ऑपरेशनआधी विचारायलाच हवा. आपल्याकडे तो नवराही विचारत नाही आणि सासूही.

त्यात आपली ठेवणच अशी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबर-नितंबांचं धोकादायक प्रमाण ५७ टक्के बायकांत दिसलं, पुरुषांत ४८ टक्के.

पावसात वाकून इंद्रायणी भाताची लावणी करणारी मावळची बाई दिवसभर राबायची. आता जमीन विकली, बंगला झाला, काम उरलं ओट्यापाशी. शिळा भात मात्र अजून तीच संपवते.

शिलाई मशीनवरची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. ८० च्या पुढे गेली, तर तिशीनंतरची बीपी-साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.