गेम अडखळतो म्हणून पीसी बदलायचा? थांबा, आधी एक आलेख बघा

दिवाळीत नाशिकला घरी गेलो तेव्हा धाकट्या भावाने दारातच विषय काढला. "दादा, गेम मध्येच अटकतो. दुकानदार म्हणाला ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन घ्यावं लागेल. बावीस हजार." बाबा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, पण बावीस हजार ऐकल्यावर चहाचा कप खाली ठेवला.

पीसी जुना आहे यात वाद नाही. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क. असा पीसी आजही महाराष्ट्रात हजारो घरांत सापडेल. आणि नेमकं सध्या अशा प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येतंय: "आता नवीन घ्या."

दबाव कुठून येतोय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे चौथी पिढी बाहेर. त्याच महिन्यात एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी, गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलं. यापुढे त्या कार्डांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही तीन महिन्यांतून एकदा. याच मालिकेतलं जीटीएक्स १०६० स्टीमच्या हार्डवेअर सर्व्हेत कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे हा निर्णय किती लोकांना लागू होतो ते लक्षात घ्या.

दुसऱ्या बाजूला नवीन पीसी घेणंही महाग झालं. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या कित्येक किट्सच्या किमती दुपटीच्या वर गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे जुना ठेवायची भीती आणि नवा घ्यायला पैसे नाहीत. अशा वेळी चुकीच्या पार्टवर खर्च करणं परवडत नाही. म्हणून आधी आजार ओळखायचा, मग औषध.

एफपीएस चांगला दिसतो, तरी गेम का अटकतो?

भावाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात ५५-५६ एफपीएस दिसत होता. मग अडखळतंय काय?

गणित सोपं आहे. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ५५ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या. झाले ८२५ मिलिसेकंद. उरलेले १७५ मिलिसेकंद एकाच फ्रेमने खाल्ले. काउंटर म्हणणार ५६ एफपीएस, एकदम मस्त. तुमच्या डोळ्यांना मात्र गचका बसलेला असतो. सरासरी खोटं बोलत नाही, पण नेमकं तेच लपवते.

हे समीक्षकांच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं. २०११ मध्ये द टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाला किती फ्रेम हे मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून दाखवलं, आणि त्यानंतर हळूहळू सगळ्यांची मोजायची पद्धत बदलली. आज तेच काम एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर फुकटात करतं. त्यात 'फ्रेमटाइम' निवडा आणि आकड्याऐवजी आलेख दाखवायला सांगा. रेष सपाट असेल तर सगळं ठीक. मध्येच सुळका उठला की तो तुमचा स्टटर.

सुळका कधी उठतो, तेच उत्तर आहे

"रँडम अटकतो" असं आपण म्हणतो, पण रँडम फारच कमी वेळा असतं. अर्धा तास खेळा आणि हे तपासा:

१. प्रत्येक नवीन गोष्टीला पहिल्यांदाच अटकतं, दुसऱ्यांदा नाही. पहिला स्फोट, पहिला पाऊस, नवीन शत्रू. हे शेडर कंपायलेशन. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे ते आधीच तयार करून पाठवतात. पीसीवर कार्ड आणि ड्रायव्हर प्रत्येकाचे वेगळे, म्हणून ते तुमच्याच प्रोसेसरवर तयार होतात. गेमने हे काम खेळताना केलं की गचका. उपाय: सुरुवातीला 'शेडर तयार होत आहेत' असं दिसलं तर ते पूर्ण होऊ द्या, आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशचा आकार वाढवा. ड्रायव्हर बदलला की शेडर पुन्हा बनतात, त्यामुळे अपडेटनंतरचा पहिला दिवस वाईट जाणारच.

२. तासाभराने, किंवा ब्राउझर उघडा असताना अटकतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ८ जीबी भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी हळू असते. क्रोम बंद करून पुन्हा खेळून बघा. रॅमची एकच स्टिक असेल तर त्याच क्षमतेची दुसरी, वापरलेली मिळाली तरी चालेल. दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनेल चालू होतं, त्याचाही फायदा होतो.

३. कॅमेरा फिरवला की अटकतं, टेक्स्चर 'हाय' वर आहे. कार्डची ४ जीबी मेमरी भरलेली असते. फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंगला हात लावू नका.

४. पंधरा-वीस मिनिटं छान, मग सगळंच जड. ही उष्णता. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक एकत्र बघा. तापमान वर आणि क्लॉक खाली जात असेल तर कॅबिनेट उघडा, धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेल्या पीसीला हे हमखास होतं.

५. प्रोसेसर सतत १०० टक्के. चार कोअरना श्वास घ्यायला जागा नाही. फ्रेम रेट ४५ किंवा ६० ला बांधून टाका. सतत ४५ हे कधी ७० कधी २० पेक्षा केव्हाही बरं वाटतं.

६. पुढे जाताना अटकतं, आणि त्याच क्षणी डिस्क १०० टक्के. गेम पुढचा नकाशा डिस्कवरून वाचतोय आणि डिस्क वेळेत देत नाही.

आणि एक सांगतो: 'रॅम क्लीनर', रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम, व्हिडिओत बघून टाकलेल्या टायमर बदलायच्या कमांड, यातलं काही करू नका. यातलं काहीही मूळ कारणाला हात लावत नाही, आणि नंतर नेमकं काय बिघडलं हेच कळेनासं होतं.

भावाच्या पीसीत काय निघालं

त्याच्या गेममध्ये शहरातून गाडी पळवली की सुळका उठायचा, ३००-४०० मिलिसेकंदांचा. मला आधी शेडरच वाटलं. त्याच रस्त्याने लगेच परत नेलं तर गचका कमी. माझा अंदाज पक्का झाला असं वाटलं. पण लांब जाऊन वीस मिनिटांनी परत आलो तर पुन्हा तिथेच अटकला. शेडर एकदा तयार झाला की असं होत नाही. शेजारी टास्क मॅनेजर लावला, तर प्रत्येक सुळक्याला डिस्क १०० टक्के.

क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं आणि पिवळा इशारा आला. पेंडिंग सेक्टर दिसत होते, म्हणजे डिस्कला आपलेच काही भाग वाचता येत नव्हते. ग्राफिक्स कार्ड ठणठणीत होतं. त्याच डिस्कवर भावाचं कॉलेजचं प्रोजेक्ट होतं आणि घरातले दहा वर्षांचे फोटो, आजीचे धरून. कुठेच बॅकअप नाही.

त्या रात्री आधी सगळं पेन ड्राइव्ह आणि माझ्या लॅपटॉपवर कॉपी केलं. दोन फोल्डर गेलेच. मग माझ्या जुन्या लॅपटॉपमधली पडून असलेली २५६ जीबीची साटा एसएसडी त्याला लावली, विंडोज आणि तो एक गेम त्यावर टाकला. खर्च शून्य. आलेखाची रेष पूर्ण सपाट नाही झाली, पण सुळके गेले.

बावीस हजारांचं कार्ड आणलं असतं तर गेम तसाच अटकला असता, आणि काही महिन्यांनी डिस्क फोटोंसकट गेली असती. दुकानदार फसवत होता असं मला वाटत नाही. त्याने फक्त मोजलं नाही.

मग जुना पीसी कधी सोडायचा?

स्टटर हे पीसी म्हातारा झाल्याचं लक्षण मानू नका. २०२२ चा द कॅलिस्टो प्रोटोकॉल किंवा २०२३ चा स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर महागड्या पीसींवरही अडखळले होते. तो प्रश्न गेम बनवणाऱ्यांचा आहे, आणि तो सोडवायला ते लागलेही आहेत. स्टीम डेकला व्हॉल्व्ह तयार शेडर पाठवतं, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायपासून तशीच सोय सुरू केली.

जुना पीसी खरा हरतो तो दुसरीकडे. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं आहे. बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं. तिथे कितीही धूळ झाडली तरी उपयोग नाही. विंडोज १० वरच राहायचं असेल तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट सुरू करून घ्या. त्यानंतर लिनक्स आणि स्टीमचा प्रोटॉन हा पर्याय आहे, फक्त व्हॅलोरंटसारखे अँटी-चीट लावलेले काही गेम त्यावर चालत नाहीत.

तुम्हाला खेळायचा असलेला गेम या यादीत बसत असेल तर पैसे साठवायला लागा. नसेल तर आज संध्याकाळी आलेख लावा, अर्धा तास खेळा आणि सुळका कधी उठतो ते वहीत लिहा. आणि त्याच्याही आधी, फोटोंचा बॅकअप घ्या.